मंगलआत्या करकंबला गेली तेव्हा

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "झोपेतच गेली, शांतपणे," भाऊ म्हणाला. मी रडले खरी, पण शेवटच्या काही वर्षांत तरी आत्याला शांत झोप लागत होती, याचं मनात कुठंतरी समाधानही वाटलं…

मंगलआत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. सोलापुरात एका दवाखान्यात नर्स होती. तिचा एकुलता एक मुलगा राहुल मोटारसायकलवरून घरी येताना अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला आणि जागीच गेला. ट्रॉलीला मागं ना दिवा होता, ना चमकणारी पट्टी. ड्रायव्हर होता करकंबचा दत्ता. त्याला शिक्षा झाली, ती भोगून तो घरीही आला. आत्या मात्र सुटली नव्हती. दर रविवारी बुद्धविहारात वंदना व्हायची. शेवटी सगळे 'सर्व प्राणिमात्र सुखी होवोत' म्हणायचे, तेव्हा हिचे ओठ मिटलेले असायचे. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "त्यात तो बी येतो की. खोटं कसं म्हणू?"

पुढं एका पौर्णिमेला विहारातून बाहेर पडताना ती म्हणाली, "मला उद्या करकंबला घेऊन चल." मी दचकले. "राहुलला आठवायला बसले की त्या दत्ताचंच तोंड दिसतंय गं. माझ्या पोराची जागा त्यानं घेतलीय. ती मला परत पायजे."

दुसऱ्या दिवशी एसटीनं गेलो. दत्ता अंगणात बसला होता. दाढी वाढलेली, अंगानं निम्मा झालेला. आत्याला पाहताच ओळखलं आणि त्यानं पाय धरले. "काकू, मला मारा."

"ऊठ," आत्या म्हणाली. "तुजं चुकलंच. ते मी न्हाय म्हणणार न्हाय. पण आजपासनं मी तुला मनात धरून बसणार न्हाय. तू बी असा बसू नको."

दत्ता लहान पोरासारखा रडला. त्याच्या आईनं चहा केला, आत्यानं तो घेतला… परतीच्या गाडीत ती अचानक हसली आणि राहुल लहानपणी पाहुण्यांच्या चपला घालून कसा पळायचा ते सांगू लागली. मोहोळ आलं तरी तिचं बोलणं थांबेना. त्या रविवारी विहारात ती ओळ तिनं इतक्या खणखणीत आवाजात म्हटली, की पुढं बसलेल्या बायका वळून पाहू लागल्या.

पुढच्या ऊस गळिताच्या हंगामात दत्ताच सोलापुरात आला. "काकू, काय तरी करू या की." मग कारखान्याच्या रस्त्यावर उभं राहून दोघं ट्रॉल्यांना मागं चमकणाऱ्या लाल पट्ट्या चिकटवू लागले. कुणी ट्रॅक्टर थांबवला नाही, तर सत्तरीकडं झुकलेली आत्या पदर खोचून सरळ त्याच्या वाटेत उभी राहायची. शेवटच्या हंगामापर्यंत तिनं हे सोडलं नाही.

ती गेल्यानंतरच्या जलदान विधीला दत्ता बायकोपोरांसह आला होता. बोलायला उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "माज्यामुळं हिचा लेक गेला. हिनं मला जगवलं." मग राहुलचा जुना मित्र उठला आणि त्यानं दत्ताला आपल्याशेजारी बसवून घेतलं.

परवा दत्ताचा फोन आला. ऊसतोड सुरू झालीय. "ताई, रविवारी येताय न्हवं? काकूंच्या जागी कुणीतरी पायजे."

गेले. पहिलाच ट्रॅक्टर थांबायचं नाव घेईना. मी पदर खोचला.