आत्याच्या कपाटातली हवा

दुकानातून आणलेल्या कपाटाचं दार एके दिवशी आत्याच्या हातात आलं. दुसरी कुणी असती तर दुकानदाराशी भांडली असती. आत्याही भांडलीच, पण तिथून परस्पर सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रींच्या कारखान्यात गेली आणि म्हणाली, "मला शिकवा."

मिस्त्री मोजकं बोलत, आणि तेही खवचट. तिचा पहिला पेटारा पाहून म्हणाले, "झाकण छान आहे. आता त्याला शोभेल असा पेटारा करा." पेटाऱ्याचा एक पाय जमिनीला टेकतच नव्हता. आत्या घरी येऊन रडली, जेवली आणि पुन्हा कागदावर रेघा ओढायला बसली. आधी कागद, मग करवत. पटाशीने बोटं सोलून निघाली, पण खिळा न ठोकता लाकडाच्या दातांत दात अडकवून कोपरा जोडायला ती शिकली.

आतोबा, म्हणजे तिचे यजमान, शेजारी बसून सल्ले देत. उंटावरचे शहाणे निदान उंटावर तरी असतात. आमचे आतोबा खुर्चीवर.

शेवटी मिस्त्री म्हणाले, "दोन खणांचं कपाट स्वतः आखून घरी करा. वरचा खण आत लोटला की कोंडलेल्या हवेने खालचा आपोआप बाहेर आला पाहिजे. आला तर कारखान्यात तुमची जागा पक्की. नाहीतर घरीच काय ते ठोकत बसा." आत्याला ती जागा हवी होती. इतकी, की झोपेतही तिचे हात रंधा मारत.

कपाट झालं. वरचा खण लोटला, की खालचा सुळकन बाहेर! आत्या मला घेऊन मिस्त्रींना बोलवायला गेली. घरात आतोबा आणि कपाट दोघंच उरले, आणि तिथेच घात झाला.

मिस्त्रींनी येऊन वरचा खण लोटला. खालचा हूं नाही की चूं नाही. पुन्हा लोटला. काही नाही. आत्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"बघितलंत?" आतोबा खुशीत म्हणाले. "मघाशी एक बंद केला की दुसरा उघडत होता. मी मागच्या फळीला गिरमिटाने दोन भोकं पाडली. बिघाड गेला!"

आत्याने त्यांना हवेचं सगळं सांगितलं होतं. पण सल्ले देणाऱ्याला ऐकायला सवड कुठली?

मिस्त्री वहाणा घालायला वळले.

"थांबा, मिस्त्री," आत्या म्हणाली. "अहो, तुम्ही मागे जा. भोकांत बोटं घाला."

"अगं, पण..."

"घाला म्हणते ना!"

आतोबा मुकाट्याने कपाटामागे वाकले. आत्याने श्वास रोखून वरचा खण लोटला. खालचा अलगद बाहेर आला आणि मिस्त्रींच्या गुडघ्याला टेकला. मिस्त्रींनी स्वतः दोन-तीनदा लोटून पाहिला. दर वेळी तेच. आत्याचे डोळे भरून आले, आणि तिने ते पुसलेही नाहीत.

"उद्यापासून या, बाई," मिस्त्री म्हणाले.

कपाटामागून बारीक आवाज आला, "काढू का आता बोटं?"

"राहू द्या," आत्या म्हणाली. "पहिल्यांदाच कामाला आलात."