जास्वंदीवरचा पांढरा फटकारा

चित्रकलेच्या मास्तरांनी मला फसवलं. पैशांत नाही. पैशांत मला फसवणारा माणूस परळपासून गिरगावपर्यंत मला भेटलेला नाही. त्यांनी फसवलं ते जास्वंदीच्या एका फुलात, मी त्यांच्याच गॅलरीत उभा असताना.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. लालबागला माझं कटपीसचं दुकान होतं. कोकणातून आलो तेव्हा अंगावर एक सदरा होता. पुढचं सगळं मी उभं केलं, कुणाचं काही फुकट न घेता. दुकानात एखादं चित्र असावं म्हणून दादरच्या एका फ्रेमवाल्याकडे गेलो. तेलरंगातलं एकच फूल होतं, गुलाबाचं. मी भाव पाडत पाडत अशा ठिकाणी आणला की तो म्हणाला, एवढ्यात तर तुम्ही स्वतःच काढा, शेट. माझं डोकं फिरलं. काढतो म्हणालो आणि निघालो.

मास्तर गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. शाळेतून निवृत्त झालेले, रविवारी सकाळी शिकवणी घ्यायचे. म्हणाले, आधी फळं, मग तांब्या, मग फूल, वर्ष लागेल. मी म्हणालो, मला फळं नकोत आणि तांब्या घरी आहे. एका फुलापुरतंच शिकवा, एका फुलापुरतीच फी घ्या. मास्तर लगेच कबूल झाले. समोरचा इतक्या लवकर कबूल झाला की आपण उठून जावं, हे मला कळायला हवं होतं.

पहिल्या रविवारी मी घरचाच मांजरपाट नेला. दुकान कापडाचं असताना कॅनव्हास विकत कोण घेतो? मास्तरांनी कापड बोटांत चोळलं, चांगलं आहे म्हणाले आणि समोर जास्वंद ठेवून मला रंग लावू दिला. कापड तेल पीत गेलं. दुपारपर्यंत माझी जास्वंद पान खाऊन थुंकल्यासारखी पसरली. स्वयंपाकघराच्या दारात मास्तरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मास्तर तेव्हा म्हणाले की कापडाला आधी सरस आणि पांढऱ्याचा हात द्यावा लागतो. मी विचारलं, हे सकाळी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, सकाळी तुम्ही ऐकलं असतं का?

मग खरं काम सुरू झालं. आधी पाकळ्या काढायच्या नाहीत, आधी फुलाचा वाडगा, म्हणजे खोलगट घेर, काढायचा. टर्पेंटाइननं रंग पातळ करून अंधाराच्या जागा भरायच्या, जाड रंग नंतर. सावलीत काळा घालायचा नाही. लाल तो लाल, मी म्हणायचो. पाच वर्षं लाल कापड विकतोय. मास्तरांनी माझ्याच दुकानातला लाल तुकडा मागवला, चुरगळून टेबलावर ठेवला आणि घडीच्या आत बोट दाखवलं. आत जांभळट होतं. मी म्हणालो, गिऱ्हाईक घडीच्या आत बघत नाही. ते म्हणाले, म्हणून तुमचं चाललंय.

फूल दर रविवारी नवं असायचं, कारण जास्वंद एका दिवसात मान टाकते. प्रत्येकीची पाकळी वेगळीकडे वळायची आणि मी तिच्याशीही भांडायचो. रंग वाळायला आठवडा, खरवडायला पुढचा रविवार. पण हळूहळू फूल गोल झालं. आता फक्त उजेड राहिला होता. सगळ्यात उजळ रंग सगळ्यात शेवटी, असा मास्तरांचा नियम.

त्या शेवटच्या रविवारी खालून मोर्चा निघाला. मास्तर चळवळीचे कट्टर. रस्त्यावर घोषणा ऐकू आली की हातातला ब्रश टाकून गॅलरीत धावायचे आणि चाळीत सगळ्यांच्या वर त्यांचा आवाज लागायचा. त्या दिवशी सगळी चाळ गॅलरीत होती. मीही होतो, घोषणा देत होतो. मोर्चा बराच वेळ चालला. गर्दीत मला मास्तर दिसले नाहीत, वहिनीही नाहीत.

आत आलो तर मास्तर खुर्चीत बसून चष्मा पुसत होते आणि वहिनी स्वयंपाकघराच्या दारात होत्या. चित्रातली वरची पाकळी दवात भिजल्यासारखी चमकत होती. कडेला पांढऱ्याचा एकच फटकारा. मी मारलाय असं मला आठवत नव्हतं.

मी विचारलं, "मास्तर, हा कुणाचा हात?"

"चित्र कुणाचं?" ते म्हणाले.

"माझं."

"मग हात कुणाचा असणार?"

चित्र दुकानात लागलं. येणारा प्रत्येक माणूस त्याच पाकळीकडे बोट दाखवायचा. शेट, हे तुम्ही काढलंत? मी हो म्हणायचो आणि कापड मोजायला लागायचो. तो फ्रेमवाला स्वतः बघायला आला, नाक लावून बघितलं आणि न बोलता गेला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला गप्प केलं, आणि तो विजयही माझा आहे की नाही हे मला ठाऊक नाही.

घरी दुसरं फूल काढून पाहिलं. गोल आलं, लाल आलं, मेलेलं आलं. ते घेऊन मास्तरांकडे गेलो. त्यांनी ते खिडकीपाशी धरलं आणि म्हणाले, "शेट, सौदा एका फुलाचा होता." वहिनी पुन्हा पदरात हसल्या.

मास्तर आता नाहीत. वहिनी आहेत, त्याच खोलीत. मी दर दिवाळीला जातो, त्या चहा देतात आणि मी विषय काढला की चिवडा आणायला उठतात.

वहिनी, चिवडा पुरे. मोर्चाच्या वेळी तुम्ही गॅलरीत नव्हतात. स्वयंपाकघराच्या दारात होतात, आणि तिथून चित्राचं टेबल समोर दिसतं. मी कुणाचं फुकट घेतलेलं नाही. तो फटकारा मास्तरांचा असेल तर तो माझ्या गळ्यात न विचारता बांधलाय, आणि माझा असेल तर इतकी वर्षं मी माझ्याच हातावर संशय घेतोय. तुम्ही पाहिलंय. कुणाचा, ते सांगा.