माता अंगात असताना शीव ओलांडली

गोळ्या सुरू झाल्या की माणूस बरा होत जातो, असं मी समजत होते. माझं उलटंच झालं. एचआयव्हीच्या गोळ्या सुरू होऊन दीडेक महिना झाला होता. तोंडातले छाले गेले होते, भाताला चव आली होती, आणि एका सकाळी उजव्या कपाळाची आग व्हायला लागली. मग तिथं पाण्याचे फोड आले, पापणी सुजली आणि तो डोळा मिटला तो उघडेना. गोळ्या घेतल्या नव्हत्या तेव्हा बरी होते की काय, असं वाटायला लागलं. देवीवरचाही भरवसा हलला. तिला हात जोडूनच तर पहिली गोळी घेतली होती.

हा आजार मला कसा लागला ते मी लिहिणार नाही. कावीळ झालेल्याला कोणी तसं विचारत नाही. मला लिहायचं आहे ते कृपेबद्दल.

भंडारा जिल्ह्यात लाखनीपासून थोडं आत आमचं गाव आहे. घरी माय आणि मी, दोघीच. आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली, हे मी अभिमानानं सांगते, कारण धानाच्या बांधीत वाकून वाकून मायनं मला शिकवलं. पण शिकल्यानं माणसाच्या आतलं सगळं बदलत नाही. मायनं माझं कपाळ पाहिलं, पदर सावरून हात जोडले आणि म्हणाली, "माता आली." मलाही ते खरंच वाटलं. आमच्याकडे अंगावर फोड आले की तो रोग नसतो, ती मातामाय असते, पाहुणी आलेली. मग दाराला कडुलिंबाची डहाळी लागते, घरात फोडणी बंद होते, औषध चालत नाही. आणि माता अंगात असेपर्यंत गावची शीव ओलांडायची नाही.

मायनं माझी गोळ्यांची डबी उचलून देव्हाऱ्यात फोटोमागं ठेवली. "घरात माय आली पाहुणी, अन् तू तिले गोळ्या खाऊन हाकलतेस का? ती गेली का मंग घेजो." मायला वाटत होतं त्या रक्तवाढीच्या गोळ्या आहेत. ही गोळी चुकवायची नसते हे मला ठाऊक होतं. पण का चुकवायची नसते ते सांगायचं तर आजाराचं नाव सांगावं लागलं असतं. ते एवढंसं नाव माझ्या जिभेवर येईना. त्या संध्याकाळी मी गोळी घेतली नाही. लिंबाच्या पाल्यावर पडून राहिले आणि मनात म्हटलं, आई, आता तुझ्यावर आहे. त्यालाच मी शरणागती समजत होते.

सकाळी माय मला मातामायला थंड पाणी घालायला घेऊन गेली. आमची मातामाय गावाच्या शिवेवर, रस्त्याच्या कडेला, लिंबाखाली आहे. शेंदूर लावलेला गोटा आणि भोवती ओटा, एवढंच. कपाळात सुया टोचल्यासारखं होत होतं. मी मायला म्हटलं, "कौल लाव. दवाखान्यात नेऊ का, विचार." माय आधी रागावली, मग माझ्या डोळ्याकडं पाहून तिचाही धीर सुटला असावा. तिनं ओल्या शेंदरावर झेंडूचं फूल चिकटवलं. उजवीकडं पडलं तर हो, डावीकडं पडलं तर नाही. आम्ही उभ्या राहिलो. फूल पडेना. माय पुटपुटत होती, मी ओट्याला धरून उभी होते, ऊन चढत होतं आणि फूल जागचं हलत नव्हतं.

तेवढ्यात भंडाऱ्याकडं जाणारी एसटी येऊन थांबली. तिथं थांबा नाही. या रस्त्यावर ड्रायव्हरची ती पहिलीच फेरी होती म्हणे, म्हणून तो नारळ फोडायला उतरला. त्याच्यामागं खाकीतली कंडक्टर बाई उतरली. मला पाहून जवळ आली.

"काय झालं वं बाई?"

"माता आहे," माय म्हणाली.

बाईनं वाकून पाहिलं. "मावशी, हे अर्ध्याच कपाळावर आहे जी. माह्या सासऱ्याले अस्संच झालं होतं. नागीण होती ते. आम्हीबी पाला लावून बसलो. डोळा गेला त्यायचा."

मायचा चेहरा उतरला. पण ती म्हणाली, "माता अंगात असतानी शीव कशी ओलांडू, बाई? फूलबी अजून पडून नाही राहिलं."

गाडीतून एक म्हातारा ओरडला, "अवो मॅडम, दर्शन झालं असन तं चाला न! कोर्टात तारीख आहे माही!"

"थांबा जी काका, एवढ्या वर्साचा खटला आजच्या आज नाही निपटत!" गाडीतले लोक हसले. मग ती मायकडं वळून म्हणाली, "मावशी, मातेले इथं सोडून चाला म्हणते का मी? सोबत घेऊन चाला तिले. तिचं तिकीट नाही लागत."

मायनं एकदा फुलाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग स्वतःच्या हातानं ते फूल देवीवरून काढलं, पदरात बांधलं आणि म्हणाली, "चाल, माय." मला म्हणाली की देवीला, ते मी अजून विचारलेलं नाही.

लिंबाची डहाळी हातात धरून आम्ही गाडीत चढलो. आजार कळल्यापासून मला एकच भीती होती, की लोकांना कळलं तर ते माझ्याजवळून सरकून बसतील. त्या दिवशी सगळी गाडी सरकली, ती मला जागा द्यायला. बायांनी हात जोडले. तो तारीखवाला म्हातारा खिडकीजवळून उठला. "बस पोरी, हवा लागन," म्हणाला, आणि भंडाऱ्यापर्यंत उभा राहिला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला आणि म्हणाल्या, "आज आणलं म्हणून बरं झालं. डोळा वाचेल." मग विचारलं, "रोजच्या गोळ्या चालू आहेत ना?" माय बाजूलाच उभी होती. मी सगळं सांगितलं, नावासकट.

बाईंनी मायला खुर्चीवर बसवलं आणि समजावलं. शेतावर जागल करणारा माणूस रोज रात्री डुकरांच्या मागं धावला तर एक दिवस थकून पडतो ना, तसं या रोगात होतं. शरीर सतत लढत राहतं, आतून सुजत राहतं, आणि राखण करणारे कमी कमी होत जातात. गोळ्यांनी रोग दबला की ते राखणदार परत उभे राहतात आणि लपून बसलेल्या जुन्या दुश्मनावर एकदम तुटून पडतात. कधीकधी ही आग, ही सूज त्या गडबडीची असते. म्हणून घाबरून गोळ्या थांबवायच्या नाहीत, धावत इकडं यायचं. पुढंही आत थोडी धग राहू शकते, तपासण्या चुकवू नका. "आणि आजी, लहानपणी हिला कांजिण्यांची माता आली होती का?"

"आली होती न. पहिलीत होती."

"तीच ही. ती गेलीच नव्हती, आत नसेत झोपून होती."

मायनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही बी.ए. तीच झाली होती. "मी म्हणतच होती!"

बाहेर आल्यावर मात्र ती पायरीवर बसून रडली. मी तिच्या शेजारी टेकले. डोळे पुसून ती म्हणाली, "सांगाले काय झालं होतं तुले? मी का तुले घराबाहेर काढली असती? अन् मी बयताड, येडी, गोळ्या देवामागं लपवून राहिली." घरी पोचल्याबरोबर तिनं देव्हाऱ्यातून डबी काढली. दाराची डहाळी तशीच ठेवली, पण गोळी आणि पाण्याचा गिलास माझ्या हातात देऊन म्हणाली, "आधी हे. मंग पाया पड."

ती कंडक्टर बाई मला पुन्हा भेटली नाही. त्या दिवशी तिचे आभार मानायचंही सुचलं नाही. ती देवी होती असं मी म्हणत नाही. नोकरी करणारी बाई होती, सासऱ्याचा गेलेला डोळा तिच्या मनात सलत होता. पण जिथं थांबा नाही तिथं गाडी थांबली, हे मी विसरू शकत नाही. आणि फूल का पडलं नाही, त्याचाही मी अर्थ लावत बसत नाही. एवढंच कळलं, की पाल्यावर पडून राहणं ही शरणागती नव्हती. ती माझी भीती होती, देवीच्या नावाखाली लपलेली. शरण जायचं तर उठून, गाडीत चढून, आपल्या आजाराचं खरं नाव सांगून जावं लागतं.

आता रोज संध्याकाळी गोळी हातावर घेते, डोळे मिटते आणि मातामायचं नाव घेते. मग गोळी गिळून डोळे उघडते. दोन्ही उघडतात.