तोंडात चिकू

माझ्या आवाजाची ख्याती डहाणूभर होती. आशागडच्या शेडमधून मी "खोका आण गो!" ओरडले की तिकडे तलासरीला हायवेवरचे ट्रक ब्रेक मारायचे. खोटं वाटत असेल तर ट्रकवाल्यांना विचारा.

या आवाजावर खूश होऊन शेठने मला चिकूच्या शेडची मुकादम केलं. काल ज्यांच्या रांगेत बसून लहानमोठे चिकू वेगळे करत होते, त्याच बायकांवर आज देखरेख. पहिल्या सकाळी आत पाऊल टाकलं आणि सगळ्यांच्या गप्पा बंद! माझी मैत्रीण, जिच्या मांडीला मांडी लावून मी इतकी वर्षं बसले, तीसुद्धा हातातल्या चिकूत हिरा शोधत असल्यासारखी मान खाली घालून बसली.

"काय गो, जीभ घरी ठेवून आलीस?"

"नाही, मुकादमबाई."

मुकादमबाई! बोंबलाचाच काय, कुठल्याही माशाचा काटा चावून खाणारी मी, पण हा काटा घशात अडकला.

घरी नवऱ्यापुढे इतकी रडले की विहिरीचं पाणी वर आलं. तो रिक्षा चालवतो, बोलतो कमी. म्हणाला, "तू बोलायला लागलीस की दुसऱ्याला जागा कुठे उरते? रोज सकाळी त्यांच्यात बस. तोंडात चिकू घाल. संपेपर्यंत अक्षर बोलू नको."

सुरू केलं. रोज सकाळी रांगेत बसायचं, एक पिकलेला चिकू हळूहळू खायचा, आणि हात मात्र निवडायला लावायचे. सुरुवातीला शेडमध्ये फक्त माझ्या चघळण्याचा आवाज. मग कुणी खोकलं, कुणी हसलं, कुणी सुनेची तक्रार काढली. तोवर मी एवढे चिकू रिचवले होते की घाम पुसला तर रुमालाला मुंग्या लागायच्या.

एका सकाळी मैत्रीण शेजारणीला सांगत होती, "सोमवारपासून तलासरीच्या कंपनीत जाते. त्यांची गाडी नाक्यावर उशिरा येते. इथे सासूला भरवून निघेपर्यंत उशीर होतो, आणि सांगायला गेलं की ही बाई म्हणते, सासू मलाही आहे!"

मी घाईघाईने गिळायला गेले.

"गिळू नको, बी असेल," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. आणि बोलत राहिली. म्हातारीला हात उचलवत नाही, घास तोंडातच राहतो, घाई केली की ठसका लागतो. मला यातलं काही माहीत नव्हतं. कसं असणार? तिचं वाक्य मी कधी पुरं होऊच दिलं नव्हतं.

बिया हातात काढल्या. विचारलं, "मग काय करायचं?"

ती दचकली. "मला जरा उशिरा येऊ दे. संध्याकाळी मागे थांबून खोके बांधीन."

शेठला मी त्याच दिवशी पटवलं. ती मात्र "बघते" एवढंच म्हणाली.

सोमवारी रांगेत बसले. शेजारची जागा रिकामी. बाहेर नाक्यावर कंपनीच्या गाडीचा हॉर्न वाजला, गाडी निघूनही गेली. आजूबाजूला बायका बोलत होत्या, मला एक शब्द ऐकू येत नव्हता.

बऱ्याच वेळाने दारात चपला वाजल्या.

"सरक गो," ती म्हणाली, आणि मांडीला मांडी लावून बसली. "आज म्हातारीने पेज पुरी खाल्ली. अगो, तुझा चिकू अजून संपला नाही? केवढं हे तोंड!"

चिकू कधीच संपला होता. मी गाल फुगवून तशीच बसले, आणि ती बोलत राहिली.