उभ्या उभ्या आलेली

"बसत न्हाई अवो, उभ्या उभ्या आले," असं म्हणून ती आमच्या दाराच्या चौकटीला खांदा टेकायची आणि मग तासभर हलायची नाही. मी पाट सरकवला तर म्हणायची, "ऱ्हाऊ द्या, चुलीवर ठिवून आले." तिच्या चुलीवर नेमकं काय असायचं ते मला कधी कळलं नाही. अशी एखादी शेजारीण तुमच्याही आळीत असेल. कामं सोडून येते आणि काम पडलंय म्हणते.

बहात्तरचा दुष्काळ सुरू झाला त्या वर्षी मी लग्न होऊन केडगावात आले. हे तिथून नगरला सायकलने शाळेत शिकवायला जायचे. समोरच्या खोलीत ती राहायची. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, मूलबाळ नाही, नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. मी तिला अक्का म्हणायचे. आळीतल्या बाकीच्या बायका मला वहिनी म्हणत. ती मात्र "अवो बाई" म्हणायची. मला वाटे, मी मास्तरांची बायको म्हणून ती मान देते आहे. मनातून मी जरा फुगलेलीही होते.

संसार मला तिनेच शिकवला. रेशनवर मिलो मिळायची, ती लाल अमेरिकन ज्वारी. तिची भाकरी तव्यावर टाकेपर्यंत हातातच मोडायची. पहिल्या दिवशी मी परातीपुढे बसून रडले. ती चौकटीतून म्हणाली, "गार पान्याला ऐकत न्हाई ते पीठ. उकळतं वता." माझ्या माहेरी वांग्यात गूळ घालायची पद्धत. तिने तेही बंद केलं. "गूळ नका घालू. दानं भाजून त्याचं कूट घाला, अन् लसूण लई." त्या दिवशी हे दुसऱ्या घासाला थांबले. कुणी शिकवलं म्हणाले. समोरच्या अक्कांनी, मी म्हटलं. त्यांनी मान खाली घातली आणि आणखी अर्धी भाकरी मागितली. मी खूश झाले. अशी मी शहाणी.

तिसऱ्या महिन्यात माझा गर्भ पडला. तेवढे चार दिवस ती आमच्या घरात बसली. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, भांडणं लागायची पाण्यावर. तिने स्वतःच्या वाटचा हंडा माझी लुगडी धुवायला ओतला आणि स्वतः पारोशी राहिली. माझ्या केसांतून हात फिरवत एकदाच म्हणाली, "हुईल अवो. तुमचं समदं नीट हुईल." सख्खी बहीण असती तरी इतकं केलं नसतं, असं मी यांना सांगितलं. हे उठून सायकल पुसायला गेले.

मग चावडीवर नवी रेशनकार्डं लिहायला कारकून आला. आता त्या काळी नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, तेव्हा कारकुनाने विचारलं की बाई गप्प, आणि शेजारची बाई तिच्या वतीने सांगणार, अशी रीत. आमच्या आळीचं हे काम अक्काकडे. "हिचा गनपत लिवा. हिचा लक्षुमन, अन् लेकरं चार. पाचवं फुडल्या म्हयन्यात हाय, जागा ठिवा." कारकूनसुद्धा हसत होता. अक्काची पाळी आली तेव्हा मागच्या म्हातारीने तिच्या नवऱ्याचं नाव सांगितलं. मग माझी पाळी आली.

मी तिला कोपराने ढोसलं. ती खाली बघत राहिली.

"बाई, नाव?" कारकून म्हणाला.

"सांगा की अक्का."

"तुमीच सांगा," ती पुटपुटली.

"मी कसं सांगू?"

रांग थांबली. मागची म्हातारी वैतागली. "अगं, हिला लाज वाटती ते ठीक हाय. तुला काय झालं? तुजा नवरा हाय व्हय त्यो?" सगळ्या बायका हसल्या. म्हातारीनेच मग "दिनकर मास्तर लिवा" म्हणून मोकळं केलं. अक्काच्या कपाळावर घाम आला होता. मी हसले नाही. वर्षभरात तिने यांचं नाव एकदाही घेतलेलं मला आठवेना. आणि वहिनी म्हटलं की नवरा भाऊ होतो, हेही माझ्या तेव्हाच डोक्यात आलं.

संध्याकाळी हे पाय धूत होते. मी विचारलं, समोरची कुठल्या गावची?

"मामाच्या."

संगमनेरजवळ प्रवरेकाठी यांच्या मामाचं गाव, तिथे राहून हे मॅट्रिक झाले होते. मी तशीच उभी राहिले. टॉवेल घडी करत यांनी सगळं सांगितलं. समोरासमोर घरं होती. लग्न करायचं ठरवलं होतं दोघांनी. तिच्या बापाला कळलं आणि आठ दिवसांत त्याने तिला दुसरीकडे उजवली.

"इथे खोली घेतली तेव्हा ती समोर आहे हे ठाऊक नव्हतं. खोली बदलू म्हणालो होतो मी. तूच म्हणालीस, शेजार चांगला आहे."

ते खरंच होतं.

"बोललात कधी?"

"एकदा. बायको मनाने कशी आहे विचारलं तिने. चांगली आहे म्हटलं. एवढंच."

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी दाराला आतून कडी घालू लागले. ती आली, हाक मारली, मी श्वास धरून बसले. पुढच्या दिवशीही तसंच. तिने केलेलं सगळं मी आठवून आठवून तपासत होते. भाकरी, वांगं, तो हंडा. माझ्यासाठी काय केलं आणि यांच्यासाठी काय, याची मला वाटणी करता येईना, आणि त्याचाच राग येत होता.

तिसऱ्या दिवशी तिने हाक मारली नाही. दाराला तोंड लावून हळूच म्हणाली, "म्या तुमचं काई न्हेलं न्हाई अवो."

मी दारापासून दोन हातांवर होते. कडी काढली नाही.

ती पुन्हा आली नाही. महिनाभरात तिच्या नवऱ्याने बिऱ्हाड हलवलं. कुणी नाशिक म्हणे, कुणी सुरत. ती दारातून काय बोलली हे मी यांना कधीच सांगितलं नाही. पुढे मुलं झाली, घर झालं, संसार चांगला झाला, तिने म्हटल्यासारखा. हेही तिच्याबद्दल कधी बोलले नाहीत. पण कित्येकदा दोघंच जेवायला बसलो की ती घरात असल्यासारखं मला वाटायचं, आणि यांनाही वाटतंय हे कळायचं.

चार वर्षांपूर्वी हे गेले. भेटायला पुष्कळ माणसं आली. मास्तर कसे शिस्तीचे, कसे मितभाषी, सांगून गेली. ते सतरा वर्षांचे असताना कसे होते, कशाला हसायचे, हे सांगणारं कुणी नव्हतं. मला फार वाटत होतं की कुणीतरी शेजारी बसावं आणि आपण दोघींनी यांच्यासाठी रडावं. तसं जगात एकच माणूस होतं, आणि ती आहे की नाही हेही मला ठाऊक नाही.