पंपाच्या जागेवरची हळद

आमच्या केम गावाहून सोलापूर म्हणजे गाडीनं दीड-दोन तास. एवढ्याला कुणी घर सोडणं म्हणतं का? मीही म्हणत नव्हते. पण सोलापूरला बदली होऊन निघायच्या दिवशी सकाळी अंघोळ करताना एकदम रडू फुटलं, आणि त्या भानगडीत टोपण हातातून निसटून मोरीत गेलं.

टोपण कसलं ते सांगते. मला लहानपणापासून साखरेचा आजार. करमाळ्याच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा इन्सुलिनचा पंप घेतला. पोटावर एक बारीक नळी टोचून बसवलेली असते, तिला पंप जोडायचा. अंघोळीपुरता तो काढला की उघड्या जागेवर लगेच टोपण बसवायचं, म्हणजे पाणी, घाण आत जात नाही. दुसरं टोपण होतं, पण बॅगेच्या पार तळाशी. गाडीची वेळ झालेली. म्हटलं, जाऊ दे, थेट पंपच जोडू.

कुर्ता वर धरून बसले, तर आई भंडाऱ्याची वाटी घेऊन समोर. आमच्याकडे मेंढरं. आईच्या हाताला गुण आहे असं सगळी वस्ती म्हणायची. कोकराला जखम झाली की हळद भरायला तिलाच बोलावणं यायचं. "उगडं भोक हाय की गं. लावू दी जरा, पिकायचं न्हाय," म्हणाली, आणि चिमूटभर हळद तिथं दाबली. मी बघत होते. 'आई, तिथं नको' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तिचे डोळे भरलेले, मला तिचं मन मोडवेना. वरवर पुसलं, पंप जोडला, ओढणी सारखी केली.

जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवर संध्याकाळपर्यंत घसा कोरडा पडला, ओकाऱ्या सुरू झाल्या. शेजारच्या काकूंनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पंप चालू दिसत होता, औषध मात्र हळदीचे कण अडकलेल्या जोडातून बाहेरच झिरपत होतं, साखर पार चढलेली. "इथं हळद कशी आली हो?" डॉक्टरांनी विचारलं. सलाइन लावलेल्या हातानंच मी आईला फोन केला. जाम घाबरले होते, आणि राग काढायला आपल्याला आईच सापडते. "जीव घेतला असतास माझा! परत मला हात लावू नकोस." पलीकडून हळूच आलं, "चुकलं बाई माजं."

मी बघत होते, हे मी तिला सांगितलं नाही.

तीन वर्षं झाली. आता पंप काढायच्या आधी टोपण हाताशी काढून ठेवते. एक जादाचं पर्समध्ये, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. सगळं कसं टापटीप! आणि तिकडे, दादा सांगतो, आई आता कोकराच्या जखमेलाही हात लावत नाही. कुणी बोलवायला आलं तर म्हणते, "माजा हात चांगला न्हाय."

गेल्या महिन्यात गावी गेले होते. निघताना मुद्दाम तिच्याजवळ गेले, तर ती दोन पावलं मागं सरली. हात पदराखाली. वहिनीला म्हणाली, "तू लाव गं तिला कुक्कू. माज्या हातानं नगं." वहिनीनं लावलं. मला तेव्हा बोलायचं होतं, खरंच बोलायचं होतं. दादानं मोटरसायकल चालू केली, हॉर्न दिला, आणि मी मुकाट्यानं मागं बसले. एवढी मी भित्री!

गावाकडचे विचारतात, सोलापुरात करमतं का, घर वाटतं का? फ्लॅट हवेशीर आहे, पाणी येतं, काकू जीव लावतात. पण खरं सांगू, माझं घर म्हणजे आईचा हात होता, आणि तो मी फोनवरच्या एका वाक्यानं गमावला. चूक माझीही होती, हे आज पहिल्यांदा सरळ लिहितेय. इथं लिहून उपयोग काय, आईला वाचता येत नाही.