बाबाचा रेडिओ भंगारात जाणार नाही

काऊन दादा, गावच्या ग्रुपवर अजून तेच? मोबाईलात सगळी गाणी हायेत म्हणून बाबाचा बंद पडलेला रेडिओ भंगारात द्याचा?

आज दुपारी सुरतेत कामावर मी मोबाईलवर रेडिओ लावला होता. सत्तरच्या दशकातली इंग्रजी गाणी अन् श्रोत्यांचे फोन. मधातच आवाज आला, "वरवट बकालहून बोलून राह्यलो." आपला बाबा!

निवेदिका म्हणे, "काका, तुम्ही मागितलेल्या गाण्यातलं इंग्रजी समजतं?"

"एक शब्द नाही. पण शाळेत त्यातल्या गिटारीवर नाचलो म्हणून मास्तरचा मार खाल्ला. आता रेडिओ बंद हाये माय, तुमचा नंबर तेवढा पाठ हाये, फोनातच ऐकव."

गाणं संपेपर्यंत बाबानं फोन ठेवला नाही.

गाववाल्यांनो, उद्या खामगावले कोण जाऊन राह्यलं? रेडिओ सोबत न्या. दुरुस्त नाही झाला तर नवा घ्या. पंधराशे रुपये आत्ताच पाठवून राह्यलो.